फार्मसीला प्रवेश घेताना नॅकची श्रेणी पाहावी की फार्मसी कौन्सिलची मान्यता?

प्रश्न : द्राक्षबाग (पिंपळगाव बसवंत)

सर्वांना नमस्कार.

माझी मुलगी यंदा बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झाली आहे आणि तिला फार्मसी शिकायची आहे. तिने पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटातून सीईटी ही प्रवेश परीक्षाही दिली आहे. आमच्या घरात बारावीच्या पुढे जाणारी ती पहिलीच असल्यामुळे कॉलेजच्या कागदपत्रांतले काय खरे आणि काय नुसते दाखवायचे, हे सांगणारे घरात कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

गेल्या आठवड्यात नाशिकजवळच्या एका कॉलेजात आम्ही दोघे जाऊन आलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. फाटकावरच्या फलकावर ‘शासनमान्य’, ‘नॅक ए श्रेणी’ आणि ‘आयएसओ प्रमाणित’ असे तीन शब्द ठळक अक्षरांत रंगवलेले होते. डी.फार्म. (पदविका) आणि बी.फार्म. (पदवी) हे दोन्ही अभ्यासक्रम आपल्याकडे आहेत, जागा भरत आल्या आहेत, तेव्हा आजच पंचवीस हजार रुपये भरून जागा धरून ठेवा आणि मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला आमच्याकडे जमा करा, असे प्रवेशाच्या टेबलावरच्या मॅडमनी सांगितले. पैसे बरोबर नव्हते म्हणून दिले नाहीत, परंतु दाखला आणि गुणपत्रिका मात्र ठेवून आलो. त्याची पोच म्हणून अर्ध्या कागदावर ‘मिळाले’ एवढे लिहून दिले आहे. त्यावर शिक्का नाही आणि तारीखही नाही. त्या दिवसापासून मनाला स्वस्थता नाही.

आमच्या गावातल्या एका मुलाचा, दोन वर्षे शिकून, सगळे पेपर सुटूनही, फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच्या वेळी अर्ज परत आल्याचे मी पाहिले आहे. त्यामुळे मला एवढेच विचारायचे आहे की नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, चांगली श्रेणी असलेल्या कॉलेजातून शिकल्यावर मुलीला फार्मासिस्ट म्हणून काम करता येईल, असे धरून चालावे का? नसेल, तर कोणता कागद मागावा? डी.फार्म. करावे की बी.फार्म., याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

जाता जाता आणखी एक विचारतो. माझ्या भाच्याने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले आहे आणि त्याला वकिली करायची आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी वकिलीला चालत नाही, असे त्याला कोणीतरी सांगितले आहे. ते खरे आहे का?

प्रतिसाद १ : गंगापूर रोड

आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे. दिंडोरी रस्त्याने म्हसरूळला जाऊन त्यांच्या संलग्न महाविद्यालयांची यादी पाहावी. यादीत नाव असेल तर निश्चिंत राहा, नसेल तर दाखला परत आणा.

प्रतिसाद २ : निवृत्त अधीक्षक (नाशिकरोड)

द्राक्षबाग यांना सप्रेम नमस्कार. महाविद्यालयाच्या कार्यालयात संलग्नीकरणाचे आणि मान्यतेचे प्रस्ताव तयार करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वरची सूचना चांगल्या हेतूने केलेली आहे, पण त्या सूचनेप्रमाणे म्हसरूळला गेलात तर हेलपाटा पडेल आणि यादीत नाव दिसले नाही म्हणून एखादे चांगले कॉलेजही तुम्ही बाद ठरवाल. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी हे अभ्यासक्रम आहेत. फार्मसी त्यांच्याकडे नाही. आपल्या भागातली बी.फार्म.ची कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी किंवा लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न असतात आणि डी.फार्म.ची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते.

आता नॅकविषयी. नॅक ही विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली स्थापन केलेली स्वायत्त संस्था असून तिचे मुख्यालय बंगळुरूला आहे. ती संपूर्ण महाविद्यालयाचे मूल्यांकन करते आणि चारपैकी मिळालेल्या सरासरी गुणांवरून श्रेणी देत आली आहे. ३.५१ आणि त्यापुढे ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए, अशी ती उतरत जाते. श्रेणी साधारण पाच वर्षे चालते, तेव्हा फलकावरच्या अक्षराबरोबर त्याची मुदतही विचारली पाहिजे. शिवाय दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय किंवा महाविद्यालयाला सहा वर्षे झाल्याशिवाय नॅककडे अर्जच करता येत नाही. तुम्ही पाहिलेले फार्मसी कॉलेज किती जुने आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते नवे असेल, तर फलकावरची श्रेणी त्याच शिक्षण संस्थेच्या दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाची असण्याची शक्यता मला जास्त वाटते. एका आवारात तीन-चार महाविद्यालये असली की एकाची श्रेणी सगळ्यांच्या फाटकावर लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नॅकला काही अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. नॅकची समिती येण्याआधीची रात्र मी तीनदा कार्यालयात काढली आहे. त्या निमित्ताने ग्रंथालयाच्या नोंदी लागल्या, प्रयोगशाळेतली बंद पडलेली उपकरणे दुरुस्त झाली आणि माजी विद्यार्थी कुठे आहेत याचा पहिल्यांदा शोध घेतला गेला. नॅकसाठी तयार केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. तो उघडून दुसऱ्या निकषात शिक्षक किती आणि पाचव्या निकषात विद्यार्थी पुढे कुठे गेले, हे दोन तक्ते वाचले, तरी फलकापेक्षा कितीतरी जास्त कळते. मात्र याच व्यवस्थेत फेब्रुवारी २०२५ मध्ये पाहणी समितीच्या सदस्यांना लाचेच्या प्रकरणात सीबीआयने अटक केली, हेही पालकांना ठाऊक असावे. ज्यांनी प्रामाणिकपणे रात्री जागवल्या त्यांना त्या बातमीने फार वाईट वाटले.

पण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर वेगळ्या कागदात आहे. फार्मासिस्ट होण्याचा कायदा म्हणजे १९४८ चा फार्मसी अधिनियम. त्याच्या कलम १२ नुसार अभ्यासक्रमाला आणि परीक्षेला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असावी लागते. तशी मान्यता असलेली परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाच राज्याची कौन्सिल नोंदणी देते. नॅकची श्रेणी, किंवा तंत्रशिक्षणाच्या एकेका अभ्यासक्रमाला एनबीए जे प्रमाणन देते ते, यांपैकी कशाचाही नोंदणीशी संबंध येत नाही. काही कॉलेजे अजून एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) पत्र पुढे करतात. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०२० च्या निकालात फार्मसी शिक्षणाच्या मान्यतेचा अधिकार फार्मसी कौन्सिलचाच असल्याचे स्पष्ट केले आहे, त्यामुळे ते पत्र पाहून समाधान मानू नये.

कौन्सिलचे पत्र मागाल तेव्हा ते ओळ न ओळ वाचा, कारण खरी गफलत येथेच होते. नव्या कॉलेजाला सुरुवातीला ‘अभ्यासक्रम चालवण्यासाठी’ वर्षापुरती मान्यता मिळते आणि ती दरवर्षी वाढवून घ्यावी लागते. पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचली की पाहणी होते आणि मग कलम १२ खालची, म्हणजे नोंदणीसाठी ग्राह्य धरली जाणारी, मान्यता मिळते. पहिल्या प्रकारचे पत्र खोटे नसते, परंतु त्याच्या आधारावर प्रवेश घेणारा विद्यार्थी पुढच्या पत्राची जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेत असतो, आणि हे त्याला कोणी सांगत नाही. तुमच्या गावातल्या त्या मुलाचे बहुधा असेच काहीतरी झाले असावे. म्हणून पत्रावर कॉलेजचे पूर्ण नाव आणि पत्ता तोच आहे का, अभ्यासक्रम डी.फार्म. आहे की बी.फार्म., शैक्षणिक वर्ष यंदाचे आहे का, जागा किती मंजूर आहेत आणि मजकुरात कलम १२ चा उल्लेख आहे का, हे पाहा. एकाच कॉलेजाला डी.फार्म.ची मान्यता असते आणि बी.फार्म.ची नसते, असेही होते. पत्राची झेरॉक्स घेऊन कौन्सिलच्या संकेतस्थळावरच्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

‘शासनमान्य’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की संस्थेची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली झालेली आहे. तशी नोंदणी भजनी मंडळाचीही होते. आयएसओ हे कामकाजाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, शिक्षणाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही.

आणि कृपा करून दाखला आधी परत आणा. मूळ कागद पडताळून लगेच विद्यार्थ्याच्या हाती परत द्यायचे, ते अडकवून ठेवायचे नाहीत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. तिची एक प्रत छापून बरोबर न्या आणि लेखी अर्ज देऊन त्यावर पोच घ्या. आवाज चढवण्याची गरज पडणार नाही.

प्रतिसाद ३ : मेडिकल, सिडको

अधीक्षक साहेबांनी कॉलेजची बाजू नीट सांगितली आहे. मी काउंटरच्या अलीकडून लिहितो.

माझ्या दुकानात औषधांच्या फ्रीजच्या वर, गिऱ्हाइकाला समोर दिसेल अशा जागी, दोन चौकटी लावलेल्या आहेत. एक अन्न व औषध प्रशासनाचा दुकानाचा परवाना आणि दुसरी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचे माझ्या नावाचे नोंदणी प्रमाणपत्र. पदवीचे प्रमाणपत्र घरी कपाटात आहे. गेल्या सतरा वर्षांत ते पाहायला कोणी मागितलेले नाही. तपासणीला अधिकारी आले की नोंदणीचा क्रमांक पाहतात आणि त्या क्रमांकाचा माणूस प्रत्यक्ष दुकानात हजर आहे का, हे पाहतात. फार्मसी अधिनियमाच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचे असते. म्हणून मुलीचे शिक्षण त्या चौकटीपर्यंत पोहोचते की नाही, एवढा एकच प्रश्न प्रत्येक कॉलेजात विचारावा.

डी.फार्म. दोन वर्षांचे असते आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण करावे लागते. आमच्या वेळी एवढे झाले की नोंदणी होत असे. आता २०२२ च्या नियमांप्रमाणे डी.फार्म. झालेल्यांना नोंदणीआधी एक्झिट परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स इन मेडिकल सायन्सेसने ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदा घेतली. तीन पेपर असतात, प्रत्येकात किमान ५० टक्के गुण लागतात आणि तिन्ही पेपर एकाच वेळी सुटावे लागतात. परीक्षा इंग्रजीत असते, हे मराठी माध्यमाच्या मुलांनी पहिल्या वर्षापासून लक्षात ठेवले पाहिजे. मंडळाच्या परीक्षेत पास झालो म्हणजे संपले, अशा समजुतीतली मुले माझ्याकडे प्रशिक्षणाला येतात आणि त्यांना ही परीक्षा आहे हेच माहीत नसते, तेव्हा मला त्यांच्या कॉलेजांचा राग येतो.

बी.फार्म. चार वर्षांचे असून त्याला ही एक्झिट परीक्षा नाही. कंपनीत गुणवत्ता नियंत्रण, उत्पादन, औषध निरीक्षकाची स्पर्धा परीक्षा, पुढे एम.फार्म., हे सगळे रस्ते बी.फार्म.नंतर मोकळे राहतात. आपल्याकडे अंबड, सातपूर, सिन्नर भागात औद्योगिक वसाहती आहेत, त्यामुळे मुलीला घर न सोडता नोकरी शोधता येऊ शकते. खर्चाचा ताण असेल तर डी.फार्म. करून बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हाही मार्ग वाईट नाही. माझा सल्ला विचाराल तर सीईटीत बरे गुण असतील आणि घरची तयारी असेल, तर बी.फार्म.च घ्यावे.

परदेशाचे स्वप्न दाखवणारे एजंट आता पिंपळगावपर्यंत पोहोचले असतील, म्हणून सांगतो. अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना तिथल्या राज्यांची मंडळे देतात आणि परदेशी पदवीधराला त्याआधी पात्रतेची जी पडताळणी करून घ्यावी लागते, तिच्यासाठी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपले बी.फार्म. चार वर्षांचे आहे. भारतात २००८ पासून सुरू झालेली सहा वर्षांची फार्म.डी. त्यात बसते. ज्या मुलीला तिकडे जायचे नाही तिला याने काही फरक पडत नाही, पण ‘आमच्या बी.फार्म.वर थेट अमेरिका’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठून यावे.

आणखी एक कळकळीची विनंती. नोंदणी झाल्यावर काही लोक येतील आणि तुमचे प्रमाणपत्र आमच्या दुकानात लावू द्या, महिन्याला घरबसल्या पैसे देऊ, असे सांगतील. त्याला आमच्या धंद्यात ‘सर्टिफिकेट भाड्याने देणे’ म्हणतात. त्या दुकानातून चुकीचे औषध गेले तर जबाबदारी चौकटीतल्या नावावर येते आणि जो आजारी माणूस विश्वासाने चिठ्ठी पुढे करतो त्याची ती फसवणूक असते. मुलीला हे आजच सांगून ठेवा.

प्रतिसाद ४ : परिचारिका

फार्मसीचा प्रश्न असला तरी नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलींच्या पालकांनीही हा धागा वाचावा, म्हणून थोडेसे लिहिते.

माझ्या मावसबहिणीने दुकानांच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका संस्थेतून एक वर्षाचा ‘नर्सिंग’ अभ्यासक्रम केला. प्रमाणपत्रावर अशोकस्तंभासारखे दिसणारे चिन्ह होते, फी भरमसाट होती आणि शेवटी फोटो काढून समारंभही झाला. नर्सिंगमध्ये एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते. एका वर्षात नर्स करणारा कोणताही अभ्यासक्रम महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीला चालत नाही, हे आमच्या घरात तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आज ती एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षे काम करते आहे. लहान मुलाची शीर शोधून सुई लावावी तर तिनेच, इतका तिचा हात हलका आहे. पण जिल्हा परिषदेची किंवा शासकीय रुग्णालयाची भरती निघाली की अर्जातल्या ‘नोंदणी क्रमांक’ या रकान्यापाशी ती थांबते आणि आपल्याहून कमी अनुभवाच्या मुलींचे अर्ज भरून देते. तिच्या पगारात आणि माझ्या पगारात जो फरक आहे तो या एका रकान्याचा आहे.

दादा, दाखला परत घ्या. पैसे दिले नाहीत हे फार बरे झाले.

प्रतिसाद ५ : नाशिक वकील

भाच्याच्या प्रश्नापुरते लिहितो, कारण ज्याने त्याला सांगितले त्याने अर्धे सांगितले आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हे १९८९ साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ आहे आणि त्याची बी.ए. ही रीतसर पदवी आहे. प्रश्न पदवीचा नसून भाच्याने बी.ए.ला प्रवेश कोणत्या पात्रतेवर घेतला, याचा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांतल्या नियम ५ च्या स्पष्टीकरणानुसार दूरशिक्षणाने घेतलेली पदवी तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी चालते, मात्र आधीची मूलभूत पात्रता नसताना, मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीने थेट पदवी घेतलेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणजे भाच्याने दहावी, बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले असेल तर त्याला अडचण नाही. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या आधारे तो बी.ए.ला गेला असेल, तर एलएल.बी.चा प्रवेशच अडतो आणि चुकून प्रवेश मिळाला तर वकिलीची सनद घेताना तो अडतो. माझ्याकडे असे दोन तरुण येऊन गेले आहेत. दोघेही हुशार होते आणि दोघांनाही प्रवेशाच्या वेळी कोणी हे विचारले नव्हते. अशा मुलांना नियमाच्या बाजूने काहीही सांगताना मला त्रास होतो, कारण परिस्थितीने शाळा सुटलेल्यांसाठीच मुक्त विद्यापीठाचे दार उघडलेले आहे. परंतु नियम आज असा आहे.

पुढची वाट थोडक्यात अशी. पदवीला खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के, विधी सीईटी, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेल्या महाविद्यालयातून नियमित उपस्थितीने एलएल.बी., मग १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. ही परीक्षा वैध असल्याचे घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी स्पष्ट केले आहे. नोंदणीच्या नावाखाली मोठ्या रकमा मागितल्या जात असत. ३० जुलै २०२४ च्या निकालाने खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये यांहून जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. पत्रव्यवहाराने किंवा ऑनलाइन एलएल.बी. देतो असे कोणी म्हणाले, तर त्या पदवीवर सनद मिळत नाही.

प्रतिसाद ६ : द्राक्षबाग

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण सांगितल्याप्रमाणे सगळे करूनच लिहायचे ठरवले होते.

अधिसूचनेची प्रत आणि अर्ज घेऊन मी आणि मुलगी सोमवारी कॉलेजात गेलो. प्रवेशाच्या मॅडमनी आधी दोन दिवसांनी या असे सांगितले, पण प्राचार्यांना भेटून अर्ज पुढे ठेवला तेव्हा त्यांनी कारकुनाला बोलावून दाखला आणि गुणपत्रिका दहा मिनिटांत हातात दिली. ते सौजन्याने वागले, हे सांगितले पाहिजे. कौन्सिलचे पत्र मागितल्यावर त्यांनी फाइल काढून दाखवली. पत्र डी.फार्म.चे होते, ६० जागांचे होते आणि गेल्या शैक्षणिक वर्षाचे होते. यंदाचे पत्र ‘येईल’ असे ते म्हणाले. बी.फार्म.चा प्रस्ताव सादर केला आहे, असेही त्यांनीच सांगितले. म्हणजे जो अभ्यासक्रम चालू आहे असे आम्हाला टेबलावर सांगितले होते, तो अजून कागदावरच आहे. नॅकच्या श्रेणीबद्दल अधीक्षक साहेबांचा अंदाज बरोबर निघाला. ती त्याच संस्थेच्या शेजारच्या वरिष्ठ महाविद्यालयाची आहे. मुलीने पत्रातल्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. ‘अभ्यासक्रम चालवण्यासाठी’ हे शब्द त्यात होते, कलम १२ चा उल्लेख नव्हता.

भाच्याने बारावी केलेली आहे, त्यामुळे त्याचा जीव भांड्यात पडला.

आता एक शेवटचे विचारतो. सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीत बी.फार्म.साठी कॉलेजांची पसंती भरायची आहे. त्या यादीत नाव आहे म्हणजे मान्यता आहेच, असे समजावे का? आणि पहिल्या फेरीत जागा मिळाली नाही तर कॉलेजच्या पातळीवरच्या जागा घ्याव्यात का?

प्रतिसाद ७ : निवृत्त अधीक्षक (नाशिकरोड)

दाखला परत मिळाला हे वाचून बरे वाटले. केंद्रीय प्रवेश फेरीच्या यादीत नाव असणे ही चांगली खूण आहे, कारण मंजूर जागा असलेल्या संस्थाच त्यात येतात. तरीही पसंतीच्या पहिल्या चार-पाच कॉलेजांची पत्रे कौन्सिलच्या यादीशी स्वतः ताडून पाहा, कारण यंदाची आणि कलम १२ ची, अशा दोन्ही मान्यता पाहणे तुमच्या मुलीच्या हिताचे आहे. पसंती भरताना संस्थेचा सांकेतांक लिहून ठेवा, सारख्या नावांची कॉलेजे पुष्कळ आहेत आणि अंक चुकला की जागा भलतीकडे मिळते.

संस्था पातळीवरची जागा घेण्यात गैर काही नाही, फक्त त्या प्रवेशालाही प्रवेश नियामक प्राधिकरणाची मंजुरी लागते. मंजूर संख्येच्या वर घेतलेला विद्यार्थी त्या यादीत बसत नाही आणि विद्यापीठाचा पात्रता क्रमांक मिळताना अडकतो. फी ही ‘शुल्क नियामक प्राधिकरणा’ने ठरवून दिलेली असते व ती कॉलेजनिहाय त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. तिच्यापेक्षा जास्त मागितली तर पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

प्रतिसाद ८ : द्राक्षबाग

पसंतीचा अर्ज काल रात्री भरला. पाच कॉलेजे टाकली आहेत. पाचही ठिकाणची कलम १२ ची पत्रे मुलीने एकेक करून वाचली आणि सांकेतांक दोनदा तपासले. एक कॉलेज मोठ्या नावाचे होते, पण यंदाचे पत्र सापडले नाही म्हणून तिनेच ते काढून टाकले.

आज सकाळी खते आणायला बाजारपेठेत गेलो होतो, तेव्हा ती बरोबर होती. कोपऱ्यावरच्या मेडिकलात जाऊन तिने तिथल्या काकांना विचारले आणि भिंतीवरची चौकट जवळून वाचली. वरती राज्य कौन्सिलचे नाव, खाली नोंदणी क्रमांक आणि तारीख. क्रमांकाच्या जागेवर बोट ठेवून ती बराच वेळ उभी होती.